भांगाचे दिवस

मुलुंड (पूर्व),
७ जुलै १९८५

ती. सौ. मृणाताई हिस
मार्तंडचा सा. न. वि. वि.

चार वर्षांनी माझे अक्षर पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की इकडे कोणी आजारी नाही. काकूचे गुडघे दुखतात, पण ते पूर्वीही दुखत. भाऊकाका मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झाले. मी अजून त्यांच्याकडेच आहे. दहावीचे गणित दोनदा राहिलेल्या पुतण्याने चुलत्याच्या घरात जेवढ्या आवाजात राहावे, तेवढ्या आवाजात राहतो. दिवसा भांडुपच्या छापखान्यात प्रुफे तपासतो, संध्याकाळी भाऊकाकांच्या हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करतो.

आता पत्राचे कारण. भाऊकाका एका दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी लिहीत आहेत आणि ती कोळ्यांवर आहे. होय, कोळ्यांवर. तू सहदेव भावोजींशी लग्न करून वेसाव्याला गेलीस, त्या दिवसापासून या घरात समुद्राचे नावसुद्धा कोणी काढत नव्हते. आता दुपारभर होड्या, जाळी आणि वल्ही यांचीच चर्चा असते. संपादकांनी समुद्रकाठचे काहीतरी मागितले. यंदा त्याला मागणी आहे म्हणे.

भाऊकाकांचे काचेचे संदर्भाचे कपाट तुला आठवत असेल. त्यात कोशांच्या रांगेशेजारी आता एक जुने गॅझेटिअर, मासेमारीवरची सरकारी पुस्तिका, कॅलेंडरांतून कापलेली कोळीनृत्याची चित्रे आणि एका हॉटेलमालकाकडून आणलेला माशांचा रंगीत तक्ता आहे. तक्त्यात बोंबील निळा छापला गेला आहे, म्हणून कादंबरीतही तो निळा आहे. निरीक्षणासाठी आम्ही एक दिवस जुहूला गेलो. भाऊकाकांनी दुर्बिणीतून समुद्र पाहिला, भेळ खाल्ली, वहीत 'अथांग' असा एक शब्द टिपला आणि बुटात वाळू गेली म्हणून आम्ही परतलो. तिथून तुझे घर किती जवळ आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होते, त्यामुळे परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही दुसऱ्याच बाजूला बघत बसलो.

चुकीचा संदर्भ देण्यापेक्षा न दिलेला बरा, असे माझे मत आहे. म्हणून त्यांना न सांगता तुला तीन गोष्टी विचारतो. होड्या परत येतात तेव्हा बायका किनाऱ्यावर काय करतात? (हस्तलिखितात त्या फेर धरून गातात.) सासू सुनेला काय म्हणून हाक मारते? आणि हंगाम चालू असतानाही मध्येच काही दिवस होड्या बंदरातच का उभ्या असतात? (गॅझेटिअरमध्ये तसे लिहिले आहे, कारण दिलेले नाही.)

उत्तर छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी तुझे अक्षर ओळखतील.

चार वर्षे न विचारता तुझा लोभ गृहीत धरला, तसाच यापुढेही धरू द्यावा.

तुझा,
मार्तंड


वेसावे,
१५ जुलै १९८५

चि. मार्तंड यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. 'माझे', 'तुझे', 'आहे तसे' वाचून आधी वाटलं कोर्टाची नोटीस आली. बहिणीला लिहितानासुद्धा इस्त्री करून लिहितोस ना रे?

तर माझा बाप कोळ्यांवर लिहितोय. छान आहे. जिवंत कोळ्याच्या घरी चहा पिण्यापेक्षा कपाटातला कोळी बरा, त्याला वास येत नाही. निळा बोंबील मी सहदेवला वाचून दाखवला. तो म्हणाला, सासऱ्यांना तसला खरंच कुठे सापडला तर खाऊ नका म्हणावं. आणि जुहूच्या वाळूत बसून भेळ खाल्ली की समुद्र कळतो, हे मला माहीत नव्हतं. नाहीतर चार वर्षं इथे फुकट घालवली नसती.

तुझ्या शंका. होड्या येतात तेव्हा बायका टोपल्या घेऊन भावावरून भांडतात. फेर धरायला कुणाला वेळ नसतो. सासूबाई मला 'पोरी' म्हणतात, रागावल्या की 'बामणाची'. आणि तिसरं, भांगात कोण जातं समुद्रावर? एवढंही ठाऊक नसेल तर भाऊंना म्हणावं बँकेवर लिहा, तिथली माणसं तरी ओळखीची आहेत.

एक घोळ मात्र झाला. तुझं पत्र वाचत होते तेव्हा सासूबाई शेजारी कोळंबी सोलत होत्या. कुणाचं म्हणून विचारलं आणि मी मूर्खासारखं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मासळीबाजाराला कळलं, की अंजनाबाईंचे व्याही आपल्या लोकांवर पुस्तक लिहितायत. ज्या माणसाने चार वर्षांत त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, त्याचं त्यांना केवढं कौतुक. दिवाळीला अंक आला की मी तो अंगणात सगळ्यांसमोर वाचायचा, असं ठरवून मोकळ्या झाल्या. त्यांना वाटतंय, जो माणूस आपल्यावर लिहितो तो आता घरीही येईल. मी मान खाली घालून त्यांच्याबरोबर कोळंबी सोलायला बसले.

जेवत जा. शुद्धलेखनाने पोट भरत नाही.

तुझी,
मृणाताई


मुलुंड (पूर्व),
२ सप्टेंबर १९८५

ती. सौ. मृणाताई हिस
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण कारण आनंदाचे आहे. तुझ्या त्या एका ओळीतून भाऊकाकांनी बावीस पानांचे प्रकरण लिहिले आहे आणि ते सगळ्या कादंबरीत उत्तम उतरले आहे. तू दिलेली माहिती मी वाचनालयातल्या एका जाणकार गृहस्थांची म्हणून त्यांना सांगितली. बायकांचे फेर धरणे त्यांनी ठेवले आहे, ते काढले तर प्रकरण कोरडे होते म्हणाले. पण तिसरे उत्तर ऐकून ते खुर्चीतून उठले.

एक बारीक गोष्ट. तू 'भांगात' लिहिलेस. भांग हा शब्द स्त्रीलिंगी आहे, तेव्हा 'भांगेत' हवे. 'भांगात' म्हणजे केसांच्या भांगात. तिथे कुंकू असते, कोळी नसतात. मी दुरुस्त करूनच त्यांना दिले. तिकडे राहून तुझे व्याकरण थोडे सैल झाले आहे, रागावू नकोस.

प्रकरण असे आहे. पार्वती ही शहरातली शिकलेली मुलगी चंदर कोळ्याशी लग्न करून कोळीवाड्यात येते. तिला ताप भरतो. डॉक्टर खाडीपलीकडे आहे. पण ते भांगेचे दिवस असतात. सगळा कोळीवाडा भांग घोटून पिऊन वाळूत पडलेला असतो, होड्या बंदरात बांधलेल्या, एकाही पुरुषाला वल्हे धरवत नाही. चंदरही शुद्धीत नसतो. पार्वती दाराशी बसून पलीकडचा दिवा बघत बघत प्राण सोडते. भाऊकाकांनी हे काकूला वाचून दाखवले. शेवटचे पान अर्धवट ठेवून, चष्मा काढून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. काकू उठून स्वयंपाकघरात गेली.

संपादकांचे पत्र आले आहे, की कोळी जीवनाचे असे दाहक वास्तव आजवर कोणी मांडले नव्हते. अंक आमच्याच छापखान्यात छापायचा आहे, म्हणजे प्रुफेही माझ्याच हातात. 'भांग' वरचा अनुस्वार मी बावीसही पानांवर तपासला आहे.

भावोजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार. माझ्या व्याकरणावर राग, पण माझ्यावर नसावा.

तुझा,
मार्तंड


वेसावे,
६ सप्टेंबर १९८५

मार्तंड,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. या पत्रात मावत नाहीत.

भांग म्हणजे भांगेची गोळी नव्हे रे, शहाण्या. अष्टमीच्या आसपास चंद्र अर्धा असतो, तेव्हा भरतीला जोर नसतो. पाण्याला ओढच नाही, तर डोल लावून काय उपयोग? खुंटांना बांधलेलं एवढं मोठं जाळं पोतेऱ्यासारखं लोंबत राहतं. त्या दिवसांना भांग म्हणतात. तो भांग, पुल्लिंगी. म्हणून भांगात. होड्या घरी असतात, पुरुष जाळी दुरुस्त करतात, आणि नशेत म्हणशील तर फक्त झोपेच्या असतात. मी लिहिलं होतं ते बरोबर होतं. तू दुरुस्त केलंस आणि वाट लागली.

आठव. भूगोलात आपण दोघं डोलत डोलत म्हणायचो, उधाणाची भरती, भांगाची भरती. तू तर मला ऱ्हस्व-दीर्घासकट म्हणून दाखवायचास. अर्थ तुलाही कळला नव्हता, मलाही नाही. मला इथे येऊन कळला. तुम्ही तिथेच राहिलात.

आणि ती पार्वती कोण ते मला सांगायला नको होतंस का? शहरातली शिकलेली, कोळ्याशी लग्न केलेली. चार वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं नाही त्या माणसाने, आणि मला मारायला मात्र बावीस पानं लिहिली. माझ्या नवऱ्याला गुंगीत लोळवलं. सहदेव सणाला पितो आणि गातो, फार वाईट गातो, पण मला गेल्या साली कावीळ झाली तेव्हा हाच माणूस मला उचलून डॉक्टरकडे घेऊन गेला होता.

आता दिवाळीत अंगणात सगळ्यांसमोर बसून मी काय वाचू? सासूबाईंनी आत्तापासून शेजारणींना सांगून ठेवलंय. हे छापलं तर भाऊ या घरात कधी येणार नाहीत, एवढंच नाही. ते आले तरी मग मीच दार उघडणार नाही. जा, सांग त्यांना.

मृणालिनी


मुलुंड (पूर्व),
१५ सप्टेंबर १९८५

ती. सौ. मृणाताई हिस
सा. न. वि. वि.

तुझे पत्र छापखान्यात उभ्याने वाचले. घरी आल्यावर मोठा कोश काढला. 'भांग' खाली तिसरा अर्थ स्पष्ट दिला आहे, पुल्लिंगी, भरतीचा. तो कोश माझ्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होता. आपण कोश उघडतो तो अडलेल्या शब्दासाठी. भांग आम्हाला अडला नव्हता. मला तर तो इतका येत होता की मी तुझाच शब्द सुधारला.

तिसऱ्या अर्थावर बोट ठेवून कोश भाऊकाकांसमोर धरला आणि सगळे सांगितले. त्यांनी वाचले. मग म्हणाले की तिसरा अर्थ हा तिसऱ्या दर्जाच्या माणसांसाठी असतो, मुलुंडचा वाचक भांग म्हणजे भांगच समजतो, आणि कादंबरी म्हणजे पंचांग नव्हे. मी म्हटले, पण ते खरे नाही. त्यावर ते म्हणाले की खरे काय ते मला दहावी नापासाने शिकवू नये. हे त्यांनी रागाने म्हटले नाही. मला पाणी दे म्हणावे तसे म्हटले.

मग वाचनालयातल्या गृहस्थांचा पत्ता मागितला. मला खोटे लिहिता येत नाही तसे बोलताही येत नाही. तुझे नाव सांगितले. ते हसले. म्हणाले, अस्से, म्हणजे बाईसाहेब आता टोपलीबरोबर भाषाही तिकडचीच डोक्यावर घेऊन हिंडतात. प्रकरण राहील, एक अक्षर बदलणार नाही. काकूने आतून ताट जोरात ठेवले. ती एवढेच करते.

ताई, मी एक गोष्ट सुचवतो. हे लिहितानाही मला भीती वाटते. प्रकरण अजून जुळणीला गेलेले नाही, पाने माझ्या टेबलावर आहेत. छापखान्यात पाने गहाळ होतात. संपादक चार दिवस आरडाओरडा करतील आणि बाकीची कादंबरी छापतील. भाऊकाका मला घराबाहेर काढतील हे नक्की, पण भांडुपला छापखान्याच्या माळ्यावर झोपता येते, मालकांना विचारले आहे. तू हो म्हण.

तुझा माझ्यावरचा लोभ आता किती उरला आहे ते लिहिले नाहीस, ते कळव.

मार्तंड


वेसावे,
१९ सप्टेंबर १९८५

चि. मार्तंड यास अनेक आशीर्वाद, मागचे धरून.

पानांना हात लावायचा नाही. चोरून काढलेली चूक त्यांची राहत नाही, तुझी होते. मग ते जन्मभर सांगत फिरतील की माझं उत्तम प्रकरण पुतण्याने हरवलं. एवढं मोठं सुख मी त्यांना देणार नाही. आणि तू माळ्यावर झोपणार, म्हणजे उंदरांचं शुद्धलेखन तपासणार काय?

त्यांना एवढंच सांग. खुशाल छापा. ठरल्याप्रमाणे मी अंगणात बसून वाचीन, बावीसच्या बावीस पानं, एक शब्द न गाळता. लेखकाचं नाव लोक शेवटी वाचतात, मी आधी वाचीन आणि ते माझे कोण लागतात तेही सांगीन. कोळीवाडा हसेल. इथे लोक रागावण्याआधी हसतात. सासूबाई तेवढ्या हसणार नाहीत. त्या मला विचारतील, तुझ्या बापाला आमच्यापाशी येऊन विचारायला काय झालं होतं? त्याचं उत्तर काय द्यायचं ते त्यांनी मला लिहून कळवावं. लेखक आहेत ना.

हे शब्द बदलून सांगू नकोस. तुला सवय आहे.

तू माझा आहेस तो आहेसच.

मृणाताई


मुलुंड (पूर्व),
२८ सप्टेंबर १९८५

सौ. मृणालिनी यांस
स. न. वि. वि.

आपण चि. मार्तंडकरवी पाठविलेला निरोप पोहोचला. त्यातील भाषा आपणांस शोभते की नाही हा आपला प्रश्न आहे. आपल्या सासरच्या मंडळींच्या भावना दुखावण्याचा माझा हेतू नव्हता. त्या मंडळींचा मी विचारच केला नव्हता.

लेखकाला कल्पनेचे स्वातंत्र्य असते. तथापि ज्या शब्दावर प्रकरण उभे आहे तो शब्दच दुसरा निघाला, तर समीक्षक मंडळी कुत्सितपणे बोट ठेवतात, हा अनुभव आहे. केवळ या कारणाने काही बाबींचा खुलासा मागवीत आहे. भांग नेमका कोणत्या तिथीस लागतो व किती दिवस टिकतो? त्या दिवसांत पुरुष घरी काय करतात? त्या दिवसांत एखाद्या घरी कोणास बरे नसल्यास डॉक्टरकडे नेण्याची सोय काय असते? काविळीसारख्या आजारात, उदाहरणार्थ.

उत्तर थोडक्यात असावे. पोस्टकार्ड चालेल.

कळावे, उत्तराची अपेक्षा आहे, इतर कशाची नाही.

बळवंत


वेसावे,
३ ऑक्टोबर १९८५

ती. भाऊंस
मृणालिनीचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. वर 'चि.' लिहून खोडलेलं दिसतं. खोडायचं तर नीट खोडावं, नाहीतर असू द्यावं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं मी देणार नाही. मागे एक ओळ दिली तर तिची बावीस पानं झाली. मी तुमच्या कपाटातली नाही. सासूबाईंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे, काविळीचंसुद्धा. रात्रंदिवस उशाशी त्याच बसल्या होत्या. फक्त त्यांना लिहितावाचता येत नाही, तेव्हा पोस्टकार्ड चालणार नाही. समोर बसून विचारावं लागेल.

आईच्या गुडघ्यांना तिळाचं तेल लावायला सांगा.

माझा नमस्कार खोडलेला नाही.

मृणालिनी


मुलुंड (पूर्व),
१६ ऑक्टोबर १९८५

ती. सौ. मृणाताई हिस
मार्तंडचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र भाऊकाकांनी तीन दिवस उशीखाली ठेवले. चौथ्या दिवशी छापखान्यात आले, माझ्या टेबलावरची बावीस पाने उचलली आणि पिशवीत घातली. संपादकांना फोन मालकांच्याच टेबलावरून केला, म्हणून मला ऐकू आला. प्रकरण मिळणार नाही म्हणाले. संपादक म्हणाले असावेत की त्या प्रकरणाशिवाय कादंबरीत उरतेच काय. भाऊकाका म्हणाले की बरोबर आहे, काही उरत नाही, तेव्हा सगळीच परत पाठवा. मुखपृष्ठावर त्यांचे नाव छापून झाले होते. आता त्यावर कागदाची पट्टी चिकटवण्याचे काम आम्हाला आहे. पट्टीवर पाककृतींच्या विशेष विभागाची जाहिरात आहे, आणि तिच्यात 'विशेष' चुकीचा छापलेला होता, तो मी सुधारला.

तुझ्या सासूबाईंना अंकाचे काय सांगायचे ते तूच ठरव. तुझ्या अंगणात यंदा वाचायला काही नाही.

घरी भाऊकाका कोणाशीच धड बोलत नाहीत. संपादक मूर्ख, वाचक गाढव, कोश करणारे एका शब्दाला तीन तीन अर्थ देणारे रिकामटेकडे, आणि कोळी लोकांना पाण्यासाठी दुसरा शब्द मिळाला नाही, असे त्यांचे सध्याचे मत आहे. पण काल पंचांग घेऊन बसले होते. येत्या अष्टमीला जायचे म्हणाले. काकू म्हणाली, नवरात्रातल्या अष्टमीला घर सोडून कुठे? तर म्हणाले, तूही चल, तो भांग काही तुझे नवरात्र बघून लागत नाही. लिंग बरोबर होते हे मी लक्षात घेतले. काकूने त्यांच्याआधी पातळ काढून ठेवले.

अंधेरी स्टेशनवरून तुमच्याकडे कोणती बस येते, ती मिळाली नाही तर काय, आणि उतरल्यावर घर कुठल्या अंगाला आहे, हे सगळे मी लिहून देतो म्हणालो. बसचे वेळापत्रक कपाटातच आहे, ते काढायला उठलोही. भाऊकाकांनी हाताने मला बसवले.

"राहू दे," ते म्हणाले. "तिथे विचारू कोणाला तरी."

तेव्हा ताई, बसथांब्यावर घ्यायला येऊ नकोस आणि भावोजींनाही पाठवू नकोस. त्यांना विचारत विचारत येऊ दे.

लोभ थोडा त्यांच्यासाठीही राखून ठेवावा, ते मागणार नाहीत.

तुझा,
मार्तंड